यंत्राची मूठ कोणाच्या हातीं?

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह हेच आमच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. ज्या हत्यारांनीं माणसाचें रोजचें जग घडविलें, त्यांच्या वांट्यास बखर आलेली नाहीं. परंतु एखाद्या साध्या मुठीलाहि इतिहास असतो, ही गोष्ट आम्हांस नुकतीच एका स्नेह्यांच्या घरीं पटली. हे गृहस्थ सेवानिवृत्त इंजिनियर असून घरामागच्या पडवींत त्यांनीं हौसेखातर एक लहानसें मिलिंग यंत्र मांडलें आहे. आम्ही गेलों तेव्हां त्याचीं तिन्ही हँडलें काढून एका ताटलींत ठेवलेलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं विजेच्या तीन चौकोनी मोटरी बसविण्याचें काम चाललें होतें. यापुढें तें यंत्र संगणकाच्या आज्ञेनें चालावयाचें होतें. ताटलींतील तीं हँडलें पाहून मनांत प्रश्न आला, कीं यंत्राची मूठ माणसाच्या हातून सुटली कशी, आणि ती गेली कोणाच्या हातीं?

ज्यांस हें यंत्र परिचयाचें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. लेथवर काम फिरतें आणि हत्यार त्यास टेकवितात. मिलिंगमध्यें दातेरी कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट धरलेला धातु त्याच्याखालून सरकविला जातो. टेबल डावें-उजवें, टेबल पुढें-मागें आणि कटर वर-खालीं, अशा तीन गतींस तीन स्क्रू व तीन मुठी असतात. अमेरिकेंतील बंदुकांच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हें यंत्र उदयास आलें. त्याचें जनकत्व एली व्हिटनी यास देण्याचा फार दिवसांचा प्रघात पुढील संशोधकांनीं संशयास्पद ठरविला आहे. १८६२ सालीं ब्राउन अँड शार्प या कंपनीच्या जोसेफ ब्राउन यानें ड्रिलाच्या नागमोडी खांचा पाडण्यासाठीं जें ‘युनिव्हर्सल’ मिलिंग यंत्र सिद्ध केलें, त्यापासून मात्र आजच्या यंत्राची वंशावळ निर्विवाद लागते.

या यंत्रावर सरळ रेषा कापणें सोपें असतें. एक मूठ फिरविली कीं झालें. पण वक्ररेषा कापावयाची तर दोन मुठी एकाच वेळीं, आणि त्याहि क्षणोक्षणीं बदलणाऱ्या प्रमाणांत, फिरवाव्या लागतात. तबल्यावर दोन हात दोन बोल काढतात, तसेंच हें आहे. फरक इतकाच, कीं येथें चुकलेला बोल धातूवर कायमचा राहतो. पुढचा सर्व इतिहास या एका अडचणींतून निघाला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिशिगन संस्थानांतील ट्रॅव्हर्स सिटी येथें जॉन पार्सन्स हा उद्योजक हेलिकॉप्टरचीं पातीं बनवीत असे. त्याच्यापाशीं महाविद्यालयाची पदवी नव्हती. पात्यांचा आकार पडताळण्याचे साचे तयार करतांना वक्ररेषेवरील सतरा बिंदु आंखून ते हातानें जोडण्याची चाल होती. फ्रँक स्ट्युलेन या त्याच्या सहकाऱ्यानें हिशेबासाठीं बनविलेल्या आयबीएमच्या छिद्रकार्डांच्या यंत्राकडून दोनशें बिंदूंचें गणित करून घेतलें. मग कारखान्यांत एक विलक्षण देखावा दिसूं लागला. एक मनुष्य तक्त्यावरील आंकडे मोठ्यानें वाची, दुसरा एक मूठ फिरवी आणि तिसरा दुसरी. पार्सन्सच्या मनांत आलें, कीं आंकडे जर छिद्रांतच आहेत, तर ते यंत्रानेंच कां वाचूं नयेत?

छिद्रानें आज्ञा देण्याची ही युक्ति मूळची विणकराची. ल्यों शहरीं १८०४ च्या सुमारास जॅकार्ड यानें छिद्रांच्या कार्डांवर चालणारा माग तयार केला; आमच्या येवल्याच्या पैठणीवरील कित्येक नक्ष्या त्याच युक्तीनें उठतात. पार्सन्सनें ती धातूकडे वळविली. १९४९ सालीं अमेरिकेच्या हवाई दलानें त्यास कंत्राट दिलें. मोटरींच्या नियंत्रणाचें शास्त्र अवगत असावें म्हणून त्यानें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रख्यात संस्थेची प्रयोगशाळा मदतीस घेतली. लवकरच काम प्रयोगशाळेच्या हातीं गेलें आणि मूळ कल्पक बाजूस पडला. १९५२ च्या सप्टेंबरांत तेथें छिद्रांच्या पट्टीवर चालणारें पहिलें मिलिंग यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. त्याच्या शेंकडों निर्वात नळ्यांचें कपाट प्रत्यक्ष यंत्राहूनहि मोठें होतें. १९५९ सालीं याच संस्थेनें वार्ताहरांस संगणकाच्या आज्ञेवरून कापलेलीं ॲल्युमिनियमचीं रक्षापात्रें भेट दिलीं. पार्सन्सला पेटंट १९५८ सालीं मिळालें आणि राष्ट्राचें तंत्रविद्येचें पदक मिळावयास १९८५ साल उजाडलें.

परंतु याच काळांत दुसरी एक वाट उपलब्ध होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जनरल इलेक्ट्रिक कंपनींत १९४६-४७ च्या सुमारास अशी योजना निघाली, कीं कसबी कारागिरानें पहिला नग स्वतःच्या हातानें करावा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपाव्या आणि पुढचे नग यंत्रानें ती फीत वाचून करावे. गवयाचें गाणें तबकडीवर घ्यावें, तसा हा प्रकार. ही वाट मागें कां पडली? डेव्हिड नोबल या इतिहासकारानें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें, कीं पहिल्या पद्धतींत ज्ञान कारागिराच्या हातीं राहत होतें, दुसरींत तें कचेरींत जात होतें. आणि मालकांस व सैन्यास दुसरीच गोष्ट हवी होती. हा युक्तिवाद सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाहीं: विमानाच्या पंखाचा जो पृष्ठभाग कोणताच हात पहिल्यानें कापूं शकत नाहीं, तो फितीवर टिपावयाचा कसा? तेथें गणितावांचून गत्यंतर नव्हतें. आमच्या मतें वाट गरजेनें दाखविली. पण ती इतक्या उत्साहानें कां चोखाळली गेली, याचें उत्तर नोबलपाशीं आहे.

आतां पुन्हां पडवीकडे वळूं. ज्या सामर्थ्यासाठीं एके काळीं हवाई दलाची तिजोरी लागली, तें आज मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आवांक्यांत आलें आहे. अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत यंत्रनियंत्रणाची आज्ञावली रचून ती सर्वांस मोकळी केली. स्वयंसेवकांनीं ती वाढविली, आणि २०१२ पासून ती लिनक्स-सीएनसी या नांवानें ओळखली जाते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यानें २००९ सालीं ‘ग्रबल’ ही आज्ञावली तयार केली. ती तर तळहातावर मावणाऱ्या पाटीवर चालते. साधारण स्टेपर मोटर एका फेऱ्यांत दोनशें पावलें टाकते; स्क्रू एका फेऱ्यास पांच मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक पाऊल मिलिमीटराच्या चाळिसाव्या हिश्शाचें पडतें. पार्सन्सचे आंकडे वाचणारा आणि मुठी फिरविणारे दोघे, असे तिघेहि एका खोक्यांत येऊन बसले आहेत.

तथापि स्नेह्यांनीं कापलेलें पहिलें वर्तुळ वर्तुळ झालें नाहीं. त्याच्या परिघावर चार ठिकाणीं बारीक पायऱ्या उमटल्या. दिशा उलटली म्हणजे स्क्रू आणि नट यांमधील फट भरून निघेपर्यंत टेबल जागचें हलत नाहीं. कारखान्यांत यास बॅकलॅश म्हणतात. हातानें काम करणारा कारागीर हा दोष न मोजतांच जाणतो, आणि नेहमीं एकाच बाजूनें मापावर येतो. संगणकाला तें कोण सांगणार? शेवटीं स्नेह्यांनीं डायल गेज लावून ती फट मोजली, तिचा आंकडा आज्ञावलींत घातला, आणि तेव्हां कोठें वर्तुळ बरेंचसें सुधारलें. हाताचें ज्ञान नाहींसें झालें नव्हतें. तें आंकड्यांत उतरविण्यासाठीं आधीं हातालाच तें ठाऊक असावें लागलें.

मोठ्या कारखान्यांत आज्ञा लिहिणारा एक आणि माल चढविणारा-उतरविणारा दुसरा, ही फाटाफूट पुष्कळ ठिकाणीं आजहि आहे, आणि दुसऱ्यास दिवसभरांत डोकें चालविण्याचा प्रसंग फारसा येत नाहीं. पडवींत मात्र आकृति काढणारा, आज्ञा लिहिणारा आणि कटर बदलणारा मनुष्य एकच आहे. मोटरी त्याच, आंकडे तेच. भेद आहे तो माणसांच्या मांडणीचा. म्हणून यंत्रानें कारागीर मारला असें म्हणणाऱ्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे, कीं मूठ यंत्र हिरावून घेत नाहीं. ती कोणास द्यावयाची हें माणसेंच ठरवितात, आणि तो जाब त्यांनाच विचारला पाहिजे.

निघतांना आम्हीं विचारलें, या हँडलांचें आतां काय करणार? स्नेह्यांनीं एका मोटरीच्या पाठीमागें निघालेला दांडा दाखविला आणि त्यावर एक हँडल बसवून पाहिलें. काम सुरू करण्यापूर्वीं कटर धातूला नुकता टेकतो तो क्षण, म्हणाले, अजून हातालाच बरा कळतो.