पावलांनीं राखलेला इतिहास

इतिहास म्हटला कीं बखरी, सनदा आणि शिलालेख आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्या समाजाला अक्षरच नाकारलें गेलें, त्यानें आपला इतिहास ठेवावा कोठें? अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं तो पावलांत ठेविला.

इ. स. १७३९ मध्यें दक्षिण कॅरोलायनांत स्टोनो नदीकांठीं गुलामांनीं बंड केलें. ढोल वाजवीत ते पुढें निघाले होते. बंड मोडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं कायदा झाला: गुलामांस लिहावयास शिकवूं नये; त्यांस ढोल बाळगूं देऊं नये. लेखणीही गेली, ढोलही गेला. राहिले हात आणि पाय. मग मांडीवर, छातीवर तळहात मारून ताल धरिला जाऊं लागला. त्यास ‘ज्यूबा’ म्हणत. प्रार्थनेच्या वेळीं वर्तुळांत पावलें घासीत फिरण्याची ‘रिंग शाउट’ नांवाची रीत रूढ झाली. तींत पायावर पाय येऊं द्यावयाचा नाहीं. कारण तसें झालें कीं तें नृत्य ठरे, आणि नृत्य धर्मबाह्य!

या कलेची पुढें विटंबना झाली. १८३० च्या सुमारास गोरे नट तोंडास काजळी फासून रंगभूमीवर तिची टवाळी करूं लागले, आणि पुष्कळ प्रेक्षकांस तें सोंगच खरें वाटूं लागलें. या खोट्या पाठाचें उत्तर केवळ पुस्तकानें देतां येण्यासारखें नव्हतें. तें नाचूनच द्यावें लागलें.

ता. ७ मार्च १९३७ रोजीं न्यूयॉर्क येथें एडना गाय आणि ॲलिसन बरोज यांनीं एक नृत्यसंध्या भरविली. आफ्रिकेंतील नृत्यांपासून गुलामगिरीच्या काळापर्यंत व तेथून आधुनिक नृत्यापर्यंतचा क्रम प्रेक्षकांपुढें मांडला गेला. तींत भाग घेणाऱ्या कॅथरिन डनहॅम यांनीं शिकागो विद्यापीठांत मानववंशशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि १९३५-३६ मध्यें हैती, जमेका इत्यादि बेटांवर राहून तेथील नृत्यें शिकून घेतलीं होतीं. १९४४ सालीं लुईव्हिल शहरांत प्रयोग संपल्यावर त्यांनीं प्रेक्षकांस स्पष्ट सांगितलें, कीं जोंवर या नाट्यगृहांत काळ्यागोऱ्यांस शेजारीं बसूं देत नाहींत, तोंवर आपण पुन्हा येथें येणार नाहीं. त्या दिवशींचा खरा पाठ कदाचित् तोच होता.

जॉर्जिया राज्यांतील मॅकिंटॉश काउंटीच्या मंडळींनीं १९८० पासून आपली रिंग शाउट लोकांसमोर सादर करण्यास आरंभ केला. एक जण काठीनें जमिनीवर ताल धरतो. बाकीचे गातात, टाळ्या देतात, वर्तुळांत सरकतात. मीं आयुष्यभर फळ्यावर सनावळ्या लिहिल्या. १७४० हा सनही मुलांकडून पाठ करून घेतां येईल. परंतु त्या काठीचा ठोका ऐकला म्हणजे कायद्यानें काय हिरावून घेतलें आणि काय त्यास हिरावून घेतां आलें नाहीं, हें दोन्ही एकदमच कळतें.