मुकी दगडी आणि चार वाट्यांची थाळी

कोल्हापुरात दुधाची पारख डोळ्यांनी आणि जिभेनं होते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळायची आणि फेसाळता पेला तिथंच रिकामा करायचा, ही इथली जुनी रीत. कास टणक झाली, दुधात गाठी आल्या की गोठ्यात म्हणतात, ‘दगडी झाली.’ पण बरीचशी दगडी मुकीच असते. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, फक्त धार जरा कमी. संकलन केंद्रावर दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर. तिथंही ती सहसा निसटते.

तिला पकडणारी चार वाट्यांची प्लास्टिकची थाळी आज पशुवैद्यकाच्या पिशवीत दिसते. तिची कुळी लांबची आहे. १८८७ मध्ये नोकार आणि मोल्लेरो या फ्रेंच संशोधकांनी दगडी हा संसर्गानं पसरणारा रोग म्हणून मांडला. त्यांना दुधात साखळी धरलेले जंतू दिसले होते. १९३९ मध्ये व्हाइटसाइडनं दुधात कॉस्टिक सोडा मिसळून पाहिला. रोगट दूध घट्ट व्हायचं. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात शाम आणि नूरलँडर यांनी सोड्याऐवजी साबणाच्या जातीचं द्रावण घेतलं आणि ही तपासणी गोठ्यात आली.

चार सडांचं दूध चार वाट्यांत, तेवढंच द्रावण, आणि थाळी गोल फिरवायची. आजारी सडाच्या दुधात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. द्रावणानं त्या फुटतात, आतला डीएनए बाहेर पडून गुंततो आणि दूध शेंबडासारखं लिबलिबीत होतं. म्हणजे थाळी जंतू पाहतच नाही, त्याच्याशी झुंजायला आलेल्या पेशी पाहते! गुन्हेगार कोण, ते कल्चर केल्यावरच कळतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस पिळणाऱ्याच्या हातावरून जनावरागणिक फिरतो आणि कासेत दडून बसतो, ई. कोलाय शेणामुतातून येतो आणि एकाएकी ताप आणतो. दोघांवर सडात एकच औषधाची ट्यूब सोडायची घाई मला तरी पटत नाही.

हातावरच्या जंतूंसाठी धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतात. शेणातल्यांना एवढं पुरत नाही, गोठा कोरडा लागतो. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास नीट मिटत नाही, म्हणून तेव्हाच पुढ्यात वैरण टाकायची. खाण्याच्या नादात म्हैस उभी राहते, ओल्या शेणात बसत नाही.