जखम भरली, तरी दुखतं का?

जखम भरली तरी महिनोन् महिने दुखतं, आणि वर 'मनाचे खेळ आहेत' हे ऐकावं लागतं. मंडळी, गोम मज्जारज्जूत आहे.

१९व्या शतकात विर्शोने न्यूरॉन्समधल्या भरावाला 'ग्लिया', म्हणजे चक्क डिंक म्हटलं. १९१९ साली माद्रिदमध्ये देल रिओ ओर्तेगाने चांदीच्या क्षाराने रंगवून त्यातल्या बारक्या पेशी वेगळ्या दाखवल्या: मायक्रोग्लिया. ह्या तिथल्या रोगप्रतिकारक पेशी.

२००३ साली त्सुदा, इनोउए, सॉल्टर वगैरेंनी उंदरांत दाखवलं की नस दुखावली की ह्या पेशींवर पी२एक्स४ रिसेप्टर वाढतात; ते अडवले की नुसत्या स्पर्शानेही होणारी वेदना कमी होते. २००५ मध्ये कारण कळलं. मायक्रोग्लिया बीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि वेदनेचा ब्रेकच अ‍ॅक्सिलरेटर होतो.

आता खरी गंमत. असले प्रयोग बहुतेक नरांवरच व्हायचे. २०१५ साली सॉर्ज, मोगिल वगैरेंनी माद्या घेतल्या, तर मायक्रोग्लिया अडवूनही फरक शून्य! तिथे काम टी-पेशींचं निघालं. जुनाट दुखण्याचे रुग्ण बायकांत जास्त, आणि टेस्टिंग मात्र नरांवर!

असो. कुणी 'अजून दुखतंय' म्हणालं, तर आधी विश्वास ठेवा.