मामाच्या गावाहून परतताना

मामाच्या गावाला जाण्याविषयी मराठीत मुबलक लिहिले गेले आहे. गाणी आहेत, पाठ्यपुस्तकांतले धडे आहेत, आत्मचरित्रांची पहिली प्रकरणे आहेत. परतीविषयी मात्र बहुतेक सारे मौन बाळगतात. सुट्टी संपली, शाळा उघडली, एवढ्यात तो प्रवास गुंडाळला जातो. जालन्याच्या बाबतीत ही उणीव आम्हांला विशेष जाणवते. कारण या भागाच्या विसाव्या शतकाचा इतिहास जाण्यापेक्षा परतीच्या वाटेवरच अधिक ठळक दिसतो.

जालन्याशी जोडलेला परतीचा एक प्रवास इतिहासाने अर्थातच आवर्जून नोंदवला आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात जालनापूर लुटून शिवाजी महाराज निघाले, संगमनेराजवळ मोगल फौजेने त्यांना गाठले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने त्यांना पट्टा किल्ल्यावर नेले. तेथे विसावा घेतला म्हणून तो विश्रामगड झाला. पण ती मोहीम होती. ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन उलट दिशेने, पश्चिमेकडून जालन्याकडे येणाऱ्या कुटुंबांची बखर कोणी लिहिली नाही.

त्या बखरीचे मुख्य ठाणे मनमाड. मुंबई-भुसावळ मार्गावरचे हे जंक्शन. १८७८ मध्ये दौंडहून येणारा मार्गही येथेच येऊन मिळाला. त्यामुळे आजोळ मुंबईचे असो, नाशिकचे असो वा पुण्याचे, गाडीने जालन्याला परतणाऱ्याला मनमाड चुकत नसे. येथवरचे रूळ ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर रुंदीचे. येथून पुढे निजामाच्या राज्यात शिरणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मीटरगेज, बरोबर १००० मिलिमीटर. १८९९ ते १९०१ या काळात ती टप्प्याटप्प्याने खुली झाली. मुलूख कापसाचा, आणि अरुंद रूळ टाकायला खर्च कमी. हिशेब साधाच होता. मात्र त्याची किंमत पुढची नव्वदएक वर्षे मनमाडच्या फलाटावर डोक्यावरून वाहून न्यावी लागली. पश्चिमेकडे निघालेली कापसाची गाठ असो की पूर्वेकडे निघालेली सासुरवाशीण, एका गाडीतून उतरून दुसरीत चढल्यावाचून सुटका नव्हती.

जाताना ही अदलाबदल कोणाला खुपत नसे. लहान गाडीतून मोठ्या गाडीत चढणे म्हणजे मुलांच्या लेखी बढतीच. परतताना तीच गोष्ट उलटी होई. रुंद डबा सोडायचा, हमालाच्या मागून धावायचे, आईने पुन्हा पुन्हा नग मोजायचे, आणि जो डबा जाताना आपला वाटला होता तो आता एकाएकी अरुंद वाटू लागे. पुढे आमच्या पिढीने मराठवाड्याच्या मागासलेपणावर पुष्कळ वाचले. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल तर घरोघरी वादाचा विषय झाला. पण 'अनुशेष' हा शब्द कानावर पडण्यापूर्वीच त्याचा अर्थ आम्हांला मनमाडला कळला होता. पुढे नगरसूल, रोटेगाव, लासूर करीत गाडी दौलताबादला येई. जाताना हाच किल्ला सुट्टीचा चौघडा वाटे. येताना मात्र तो दिसताच कोणीतरी मोठे माणूस सुट्टीतल्या अभ्यासाची चौकशी करी.

आमच्या आजीच्या काळी फरक रुळांपुरता नव्हता. मनमाडपर्यंत इंग्रजांचे राज्य, पुढे निजामाचे. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नजर. माहेरचे नवे लुगडे घडी मोडून अंगावर नेसूनच यावे, असा वडीलधाऱ्या बायकांचा सल्ला असे. आजी हे हसत सांगे.

१९४८ चा उन्हाळा मात्र ती हसत सांगत नसे. रझाकारांच्या जुलमाच्या बातम्या गावोगाव पसरल्या होत्या. संस्थानाविरुद्धच्या सरहद्दीवरील लढ्याचे एक मोठे केंद्र मनमाडच होते. ज्यांना शक्य होते त्यांनी बायकामुले नाशिक, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतल्या नातलगांकडे पाठवली. आमच्या घरची मंडळीही गेली. मुलांना सांगितले ते इतकेच, की सुट्टीला मामाकडे जायचे आहे. मृग लागला, शाळा उघडण्याचे दिवस आले नि गेले. आषाढी झाली, पोळा झाला, मामाच्या घरी गणपती बसले, तरी सुट्टी संपेना. आपली सुट्टी इतकी लांबली हे पाहून धाकट्यांना आनंद झाला होता, हे सांगताना आजीचा आवाज बदलत असे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १५ तारखेला जालन्यात गुरखा पलटणीची तुकडी येऊन ठेपली, १७ ला निजामाने हार मानली. मे महिन्यात सुरू झालेल्या सुट्टीचा परतीचा प्रवास त्यानंतर, शरद ऋतूत झाला.

त्या परतीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ही हकिकत प्रामाणिक होणार नाही. आमची माणसे ज्या दिवसांत घरी येत होती, त्याच दिवसांत मराठवाड्यातली अनेक मुसलमान कुटुंबे जिवाच्या भीतीने घरे सोडून जात होती, कित्येक मारली जात होती. सुंदरलाल समितीने त्याच वर्षाअखेर फिरून हे नोंदवले, आणि तो अहवाल पुढे अनेक दशके लोकांसमोर आला नाही. आजी परतली तेव्हा शेजारच्या घराला कुलूप होते. ती कुलपाचे वर्णन बारकाईने करी, पितळी होते, मोठे होते; त्या घरातल्या माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र तिने कधी सांगितले नाही, आणि आम्हीही वेळेवर विचारले नाही.

नंतरचे बदल कागदावर झपाट्याने झाले. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये हा भाव ठरला आणि १९५९ मध्ये हाली सिक्का संपलाच. निजामाची रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. रूळ मात्र १००० मिलिमीटरच राहिले. सरहद्द नकाशावरून पुसली तरी तिचे माप जमिनीवर कायम होते. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाचा प्रश्न किती चिकाटीने लावून धरला, हे त्या काळातले लोक जाणतात. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आली, आणि मनमाडला उतरण्याचे कारण उरले नाही. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा सारे अंतर सात तासांच्या आत आले. समृद्धी महामार्गाने येणारी मुले तर मागच्या सीटवर झोपूनच घर गाठतात.

जुन्या सामानापैकी आमच्याकडे फिरकीचा तांब्या तेवढा उरला आहे. परतताना तो नाशिकरोडला भरून घेत. मनमाडच्या पाणीटंचाईची ख्याती जुनी. जालन्याला उतरताना तांब्यात उरलेले पाणी फलाटावर ओतायला आजीची सक्त मनाई असे. ते घरी आणायचे आणि तुळशीला घालायचे. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, शहर टँकरवर आले. त्या उन्हाळ्यात नाशिकहून निघताना सवयीने सामानाचे नग मोजले. त्यांत पाण्याचे चार कॅन होते.