पावणेनऊची वेळ

शुक्रवारची सकाळ आहे. वारज्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला तुम्ही थांबला आहात, कानात गीतरामायण. पाठ झालेला बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आवाज. गाणं अर्धं होतं न होतं तोच तुमचं बोट पुढच्या गाण्यावर जातं. तेवढ्यात बायपासवरच्या ट्रकांची घरघर विरते.

१९९७ मागे पडतं, वारजे महापालिकेतून निघून पुन्हा गाव होतं. सत्तरच्या दशकात तुम्ही कुणाच्या तरी गच्चीवर अँटेना धरून उभे आहात. समोर सिंहगड. १९७३ पासून गडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागलंय. गुरुवार आहे, छायागीत सुरू झालंय. खालून ओरडा येतो, "आलं, आलं! अहो, गेलं की! जरा गडाकडं फिरवा!" पडद्यावर मुंग्या, त्यांच्यामागे गाणारी बाई. आवाज मात्र स्वच्छ. रमावंसं वाटतं, पण अजून मागे जायचंय.

१ एप्रिल १९५५. रामनवमी. पुलाचा पत्ता नाही. मुठेकाठची शेतं आणि धुळीची वाट. उजाडायच्या आत तुम्ही चालू लागता. अण्णा कर्व्यांची हिंगण्याची स्त्रीशिक्षण संस्था लागते. अण्णांना सत्त्याण्णव पूर्ण व्हायला सतरा दिवस उरलेत. लकडी पूल ओलांडून सदाशिव पेठेत शिरता, तेव्हा साडेआठ होत आलेले असतात.

वाड्याच्या ओटीवर माणसं दाटली आहेत. "चपला बाहेर काढा, आणि दारात उभे राहू नका हो, आत या," घरच्या आजी म्हणतात. ओळखदेख कुणी विचारत नाही. कोनाड्यात लाकडी पेटीचा रेडिओ, खाली भरतकामाचा रुमाल, वर मोगऱ्याचा गजरा, शेजारी उदबत्ती. बटण फिरवलं तरी आवाज लगेच येत नाही. आधी काट्यामागचा दिवा पिवळा होतो. मग आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसती गुणगुण, मग खरखर. कुणीतरी काटा केसभर सरकवतं. खरखर थांबते आणि निवेदकाचा आवाज खोलीत उतरतो. पावणेनऊ.

रेडिओचं पुणे केंद्र सुरू होऊन दीड वर्षच झालंय. तिथल्या सीताकांत लाडांनी गीतरामायणाची ही मालिका मनावर घेतली, शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. गाणं सुरू होतं आणि तुम्ही चमकता, कारण ते तुम्हाला शब्दन् शब्द येतं, आणि या खोलीत ते कुणीच कधी ऐकलेलं नाही. पुढचं कडवं काय येणार, हे आजींना ठाऊक नाही. त्यांचा हात वातीवर तसाच थांबलाय. गाणं ऐकणं म्हणजे काय, ते तुम्हाला त्या हाताकडे बघून कळतं.

तुम्ही वाढलात ते पुढे निघालेल्या तबकड्यांवर. त्यांत राम, सीता, कौसल्या सगळ्यांचा गळा बाबूजींचाच. ते गाणं थोरच. पण या ओटीवर येत्या आठवड्यांत माणिक वर्मांची सीता येईल, ललिता फडक्यांची कौसल्या येईल, वसंतराव देशपांडे येतील. दर शुक्रवारी नवं गीत. बावन्न आठवड्यांचा बेत, पण वर्ष अधिक महिन्याचं, म्हणून गीतं छप्पन्न होतील. माझ्या मते पंचांगाने मराठी संगीताला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. दैनिकं गाण्याचे शब्द छापतील, बायका ते वहीत उतरवून घेतील.

गाणं संपतं. कुणी उठत नाही.

परतीच्या वाटेवर तुम्ही गुणगुणू लागता. मुखडा येतो. दुसऱ्या कडव्याची चाल मात्र निसटते, खिशात फोन नाही, आणि हिंगण्यापर्यंत ती काही केल्या सापडत नाही. उद्या, शनिवारी, पावणेनऊला हेच गाणं पुन्हा लागणार आहे, रविवारीही. पहाटे निघायला हवं, बरोबर पेन्सिल घेऊन.