उचलू नको, वजन टाक

मागच्या शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी गाडी आडवी झाली. चालवताना नाही हो, उभी करताना!

झालं असं की चेन साफ करायची होती. माझ्या गाडीला मधला स्टँड नाही, फक्त साइड स्टँड. म्हणून मागचं चाक उचलणारा वेगळा स्टँड आणला होता, हल्ली ज्याला सगळे पॅडॉक स्टँड म्हणतात. आता गाडी सरळ धरायची, वाकून स्टँड खाली सरकवायचा आणि वर दाबायचा. दोन हात आणि तीन कामं. त्यात अतिशहाणपणाने साइड स्टँड मी आधीच वर केला होता. वॉचमन काकांना हाक मारायची लाज वाटली, आणि पुढच्या क्षणी दीडशे किलोचं धूड माझी पोटरी खरवडत जमिनीवर. आरसा फुटला, क्लचचा लिव्हर वाकला. आवाज ऐकून काका धावत आलेच. म्हणजे हाक न मारता मदत मिळाली :-)

रात्री पोटरीला बर्फ लावत बसलो होतो, तेव्हा यवतमाळचं आमचं अंगण आठवलं. मी नववीत असेन. बाबांची राजदूत डबल स्टँडवर घ्यायचा प्रयत्न करत होतो. मागचं कॅरियर धरून जीव खाऊन वर ओढत होतो. गाडी इंचभर हलेना. बाबा ओट्यावर चहा पीत बघत होते. म्हणाले, "काहून रे, अंगाचं पाणी करून राहिला? उचलू नको. वजन टाक तिच्यावर."

या दोन वाक्यांत मोटरसायकलच्या स्टँडचा सगळा इतिहास आहे, हे मला आता कळतंय. आज तोच सांगतो.

सुरुवात मोटरसायकलच्या आधीपासून करावी लागेल. चाक म्हटलं की वंगण आलं, आणि वंगण करायचं तर चाक जमिनीवरून सुटलं पाहिजे. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीच्या खाली वंगणाचा बांबूचा नळा लटकत असे. "गाड्याबरोबर नळ्याची यात्रा" ही म्हण आपण वापरतो, पण हा नळा कोणता ते आता सांगावं लागतं. तो हाच. वंगण करायला बंडीला टेकू द्यायचा, कणा जरा उचलायचा आणि चाक बाहेर ओढायचं. हे काम एकट्याचं नव्हे, दोन-तीन माणसं लागायचीच. पण गावात माणसांची वानवा नव्हती.

मग सायकल आली. जुन्या काळ्या सायकलींचा मागचा स्टँड आठवतोय? (आमच्याकडे जुनी माणसं त्याला घोडी म्हणत.) मागच्या चाकाच्या आसाशी बिजागरी, आणि चाकाभोवती उलट्या यू आकाराची सळई. पायाने ती खाली ढकलायची, कॅरियर धरून सायकल मागे ओढायची, खाड् असा आवाज येतो आणि मागचं चाक हवेत. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी पायडल मारायला अशा उभ्या सायकलवर सुरुवात केली असेल. कुठेही न जाता तासभर प्रवास!

गंमत म्हणजे सुरुवातीच्या मोटरसायकलींनाही हाच स्टँड होता. १९१५ सालची ट्रायम्फ मॉडेल एच घ्या. पहिल्या महायुद्धात दोस्त सैन्याने या गाड्या तीस हजारांच्या आसपास वापरल्या. दुसऱ्या महायुद्धातली बीएसए एम २० घ्या, ती तर सव्वा लाखाच्या आसपास बनली. दोन्हींना मागच्या बाजूला बिजागरीचा स्टँड, मडगार्डला अडकवलेला. निरोप्या शिपाई एकटाच फिरायचा. वाटेत पंक्चर झालं तर चाक एकट्यानेच काढायला हवं. म्हणून गाडीचा टेकू गाडीसोबतच हवा. पुन्हा तेच, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.

पण सायकल पंधरा-वीस किलोची, आणि एम २० त्याच्या आठ-दहा पट जड. तेवढं वजन मागे ओढून चढवणं म्हणजे कंबरेचा निकाल. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकालाही सस्पेन्शन आलं, चाक वरखाली हलायला लागलं, आणि आसाजवळचा स्टँड गैरसोयीचा झाला. मग स्टँड पुढे सरकून गाडीच्या पोटाखाली आला. तोच आपला मधला स्टँड, मेन स्टँड किंवा डबल स्टँड.

हा मधला स्टँड म्हणजे यंत्रशास्त्रातला एक सुंदर तुकडा आहे. तो गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ असतो, आणि त्याला बाहेर आलेली एक छोटी जीभ असते. त्या जिभेवर पाय ठेवला की तरफ तयार. जरा हिशेब करून बघू. दीडशे किलोची गाडी स्टँडवर चढताना तिचा गुरुत्वमध्य साधारण तीन सेंटीमीटर वर जातो असं धरू. म्हणजे वीस लिटरची भरलेली बादली वीतभर उचलायची, एवढंच काम! हे कोणालाही जमतं. पण तेच काम हाताने, वाकून, पाठीच्या जोरावर करायला गेलं की जमत नाही. पायाने, सरळ उभं राहून, स्वतःच्या वजनाने केलं की जमतं. बाबांना तरफेचं गणित कोणी शिकवलं नव्हतं, पण ते बोलले ते गणितच होतं.

आता यवतमाळात येऊ. १९०३ साली मूर्तिजापूरहून यवतमाळला नॅरोगेज आली, आमची शकुंतला. कापूस न्यायला ब्रिटिश कंपनीने बांधलेली. १९९४ पर्यंत ती मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनावर चालली, नंतर डिझेलवर, आणि गेल्या दशकात बंदच पडली. वर्ध्याहून येणारी ब्रॉडगेज फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत सुरू झाली. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाला शंभर वर्षं रेल्वे होती ती बैलगाडीच्या वेगाची! मग घाटंजी, आर्णी, दारव्हा, नेर, राळेगाव या आतल्या रस्त्यांवर माणूस फिरणार कशावर? एसटीवर, आणि ज्याला परवडेल तो मोटरसायकलवर.

बुलेट मद्रासला १९५५ पासून बनू लागली, पण ती पोलिसांची आणि पाटलांची. साध्या नोकरदाराची गाडी म्हणजे राजदूत. एस्कॉर्ट्सने १९६२ पासून पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली. दूधवाले, ग्रामसेवक, शिक्षक, सगळे तिच्यावर. आणि आमच्याकडे तिचा डबल स्टँड ही चैन नव्हती, गरज होती. कारण आमची जमीन. काळी कापसाची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते. साइड स्टँडचं टोक त्यात आरामात रुतत जातं आणि गाडी हळूहळू लवंडते. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात डांबरही तसंच वागतं. म्हणून साइड स्टँडखाली विटेचा तुकडा, चपटा दगड, काहीच नसेल तर पायातली चप्पल. डबल स्टँडचे दोन्ही पाय रुतले तरी बहुधा सारखेच रुततात, गाडी सरळ राहते. जिथे गॅरेज वीस किलोमीटरवर आहे, तिथे चेन उतरली, पंक्चर झालं, तर रस्त्याच्या कडेला मागचं चाक एकट्याने हवेत उचलता येणं म्हणजे संध्याकाळी घरी पोचणं.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. स्टँड लावता येतो का, या प्रश्नावर गाडी कोणी चालवायची हेही ठरायचं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा गावापासून अकरा किलोमीटर. राजदूत तिला चालवता आली असती असं मला आजही वाटतं, पण घरात, शेजारी, सगळ्यांचं एकच वाक्य: "स्टँडला कोण लावून देईल?" बजाजच्या स्कूटरला तर कंपनीकडून फक्त मधलाच स्टँड यायचा. म्हणजे स्टँडला लावता आली नाही तर उभी करायची सोयच नाही! मग आईने लूना घेतली. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली बाजारात आणलेली मोपेड. हलकी, पायडलवाली, स्टँडवर घेऊन पायडल मारून सुरू करता येणारी. बाबा म्हणाले, थोडे पैसे घालून मोठी गाडी घेऊ. आई म्हणाली, "मले कोणाले हाक माराले लागू नये, बस."

हे वाक्य कंपन्यांना उशिरा ऐकू आलं. टीव्हीएसने कमी जोरात लागणारा मधला स्टँड बनवला आणि २०१३ च्या ज्युपिटरवर त्याची जाहिरातही केली. बाकी बहुतेकांनी सोपा रस्ता धरला, साइड स्टँडच पुरे.

आणि मग स्टँडच गायब झाला. शर्यतीच्या गाडीला स्टँड नसतो. वजन वाढतं, वळणावर गाडी झुकली की जमिनीला घासतो. तिथे स्टँड पिटमध्ये ठेवलेला असतो आणि तो लावायला चार मेकॅनिक उभे असतात. हीच फॅशन रस्त्यावर उतरली. २०१२ साली ड्यूक २०० आणि पल्सर एनएस २०० आल्या, दोन्हींना मधला स्टँड नाही. आपल्यासारख्या पोरांना त्या भयंकर आवडल्या (मलाही). पण चेन तर तशीच उघडी राहिली, दर पाचेकशे किलोमीटरला तेल मागणारी. चार मेकॅनिक मात्र गाडीसोबत आले नाहीत. म्हणून आपण वेगळे पैसे मोजून १९१५ सालचा मागचा स्टँड पुन्हा विकत घेतो. फरक इतकाच, तेव्हा तो गाडीला बांधलेला होता, आता फ्लॅटच्या बाल्कनीत पडलेला असतो.

असो. आरसा फुटल्यावर आलेलं शहाणपण असं:

जमीन सपाट हवी. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडल सरळ, आणि साइड स्टँड उघडाच ठेवा. तो शेवटपर्यंत वर करायचा नाही, माझी चूक हीच होती. साइड स्टँडखाली इंचभर जाड फळी दिली की गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि तोल सांभाळणं सोपं जातं. तुम्ही मागे, थोडे डाव्या बाजूला. डाव्या हाताने सीटमागचा दांडा धरून गाडी सरळ करा, उजव्या हाताने स्टँड सरकवा. स्विंगआर्मला दोन्हीकडे स्पूल म्हणून कापसाच्या बोंडाएवढे गट्टू बसवून घेतलेले असतील तर स्टँडचे आकडे त्यात अडकतात आणि घसरत नाहीत. दोन्ही बाजू नीट बसल्यात ना, हे डोळ्यांनी बघा. मग स्टँडचा दांडा खाली दाबा. ओढायचं नाही, स्वतःचं वजन टाकायचं. चाक वर गेलं की न्यूट्रल करा, आणि चेन पुसताना चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटं जातात, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. उतरवताना साइड स्टँड उघडा आहे ना, हे आधी बघा, पुन्हा पहिला गिअर टाका, आणि दांडा हळूहळू सोडत गाडी आपल्याकडे झुकू द्या.

मागच्या रविवारी हे असं केलं आणि जमलं. वॉचमन काका लांबून लक्ष ठेवून होते म्हणा.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा बाबांची गाडी (राजदूत कधीच गेली, आता साधी शंभर सीसीची आहे) धूळ खात उभी दिसली. विचारलं तर म्हणाले, पेट्रोल महाग झालं. आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना ती डबल स्टँडवर घेता येत नाही. अंगणात माती, साइड स्टँड रुततो. रोज शेजारच्या पोराला हाक मारावी लागायची. दोन महिने मारली, मग त्यांनी गाडी काढणंच सोडलं. दत्त चौकात मित्रांकडे जाणंही सोडलं.

मी काही बोललो नाही. घरात सागाची एक जुनी फळी पडली होती. तिची एक कड रंधून उतार केला आणि ती अंगणात मातीत पक्की बसवली. मागचं चाक तिच्यावर चढवून मग स्टँड लावायचा. काम तेवढंच, पण हप्त्यांत. अर्धी उंची चाक फळीवर चढतानाच मिळते, पायाला उरलेली अर्धीच द्यावी लागते.

काल आईचा फोन आला. बाबा रोज संध्याकाळी बाहेर पडतायत म्हणे. मग बाबांनी फोन घेतला. फळीबद्दल चांगलं काही बोलतील असं वाटलं होतं. म्हणाले, "थे फळी अर्धा इंच जाड झाली. स्टँडवर घेतल्यावरही चाक टेकूनच राह्यते. चेनले ऑइल कसं टाकू?"

पुढच्या शनिवारी रंधा घेऊन यवतमाळला जातोय.