अर्ध्यावर थांबवलेली वाइन

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तुलूझला गेलो होतो. येताना टीशर्टांत गुंडाळून रिव्हसाल्तची एक बाटली आणली. पुण्यातल्या फ्लॅटवर उघडली असती तर विषय तिथंच संपला असता. पण मी ती तासगाव तालुक्यातल्या आमच्या घरी नेली आणि तात्यांसमोर ठेवली. तात्या म्हणजे माझे चुलते. माळकरी आहेत, ते पिणार नाहीत हे माहीतच होतं. त्यांनी उघड्या बाटलीला नाक लावलं आणि म्हणाले, "ह्यो तर बेदाण्याच्या शेडचा वास!"

शंभर टक्के बरोबर. फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनला चिकटलेल्या रूसियों भागात ही गोड वाइन होते. तिथं तिला 'व्हँ दू नातुरेल' म्हणतात, म्हणजे नैसर्गिक गोड वाइन. नाव जरा फसवं आहे. साखर द्राक्षाचीच असते, पण ती आपोआप उरत नाही, उरवावी लागते. रस आंबत असताना यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करत असतं. ते मध्येच असताना 96 टक्क्यांच्या आसपासचा द्राक्षाचा स्पिरिट रसाच्या पाच ते दहा टक्के इतका ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू प्रोसेस किल करायची आणि मेमरीत राहिलं ते जपायचं. अल्कोहोल किमान 15 टक्के भरतं. या युक्तीचं श्रेय परंपरेनं तेराव्या शतकातल्या माँपेलिएच्या एका वैद्याला, आर्नो द व्हिलनव्हला देतात. तेव्हा रूसियों फ्रान्सचं नव्हतंच. तिथं मायोर्काचे राजे राज्य करत, त्यांचा राजवाडा पर्पिन्याँत आजही उभा आहे. हा मुलूख फ्रान्सकडे आला तो 1659 च्या पिरेनीजच्या तहानं.

वैद्य हा शब्द वाचला आणि मला साताऱ्याची आजी आठवली. आजोळी जेवणानंतर ती द्राक्षासवाचे दोन चमचे पाण्यातून घ्यायची. तेही द्राक्षाचंच, आंबवलेलंच. आंबायला मदत म्हणून त्यात धायटीची फुलं घालतात. फरक इतकाच की आसवात अल्कोहोल आतल्या आत तयार होतं, वरून कोणी ओतत नाही. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं बाटली नाही, मलाच घराबाहेर काढलं असतं.

प्यायची कशी? थोडी. छोट्या ग्लासात 60-70 मिली पुरे. मस्कात द्राक्षाची ताजी, सुगंधी वाइन चांगली गार हवी, 8 ते 10 अंश. बान्यूल्ससारखी लाल, मुरलेली जरा कमी गार, 15 च्या आसपास. सांगलीच्या एप्रिलमध्ये 'रूम टेंपरेचर' वगैरे विसरा, फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. मस्कात उघडली की काही दिवसांत संपवावी. हवेत मुरवलेल्या जातीचं हवेनं जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं, त्यामुळे ती फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते. मोरी गावाजवळ तर ही वाइन काचेच्या मोठ्या फुग्यांत भरून उघड्यावर, उन्हात ठेवतात! सोबतचा पदार्थ वाइनपेक्षा गोड नको, म्हणून पुरणपोळी बाद. तिकडे चॉकलेट देतात. मी साताऱ्याचा कंदी पेढा लावून पाहिला. खरपूस भाजलेला खवा आणि ही वाइन एकाच घरातले वाटतात.

तात्यांना मात्र वेगळंच विचारायचं होतं. "तितं द्राक्षाचा दर कोण ठरवतं?"

हा प्रश्न उगाच नव्हता. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि दोन वाइन पार्क ठरले. एक नाशिकजवळ विंचूरला, दुसरा आपल्याकडे पलूसला. 'तास-ए-गणेश' पिकवणाऱ्या तालुक्यात कॅबर्ने आणि शिराझची रोपं आली. तात्यांनी एक एकर लावली. 2008 नंतर मंदी आली, घेणाऱ्यांनी हात वर केले. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं. ना बाजारात खपतं, ना त्याचा आपल्यासारखा बेदाणा होतो. 2010 च्या उन्हाळ्यात त्यांनी ती बाग उपटली. मी तेव्हा शाळेत होतो. मुळ्या ओढताना ट्रॅक्टरचा आवाज कसा बदलायचा ते अजून आठवतं.

मी त्यांना सांगितलं की मोरीच्या शेतकऱ्यांनी 1910 मध्येच स्वतःची सहकारी संस्था काढली. तात्या खूश झाले. सहकार म्हटलं की सांगलीच्या माणसाची मान ताठ होते. पण पुढचंही सांगावं लागलं. गोड वाइनचा खप तिकडेही कित्येक वर्षं घसरतोय, अनेक जण आता साधी, कोरडी वाइन करतात. आणि 2008 ते 2011 या काळात युरोपियन युनियननं जादा वाइन कमी करायला बागा उपटणाऱ्यांना हेक्टरमागे पैसे दिले. म्हणजे तात्यांचा ट्रॅक्टर चालू होता त्याच वेळी.

तात्यांनी बाटलीचं बूच लावलं.

"म्हंजे उपटायचंबी पैसं मिळालं त्यास्नी?"

मी हो म्हणालो. ते उठून शेडकडे गेले. बेदाणा पालटायचा होता.